बारदान वजा जाता

भावनगर, लाभपंचमी

चि. केतकीस बापुजींचे पोटभर आशीर्वाद, आणि धनबादच्या घरातल्या लहानथोरांना आमचे जय महादेव. जमाईराजांचं पित्त बसलं का? (त्यांना म्हणावं, उठल्याउठल्या गाठिया खाणाऱ्या माणसाने पित्ताला दोष देऊ नये.) तुझी कंबर कशी आहे? आमच्या तब्येतीचं विचारशील तर ती विचारायला इथे कोणाला सवड नाही. या घरात सध्या तब्येत एकाच व्यक्तीला आहे, ती इस्पितळात काचेच्या पेटीत झोपलेली असते, आणि आम्ही चौघं तिच्या अवतीभवती धापा टाकत असतो.

तुझ्या भावाची मुलगी आज एक्केचाळीस दिवसांची झाली. खरं म्हणजे तिने यायचं होतं अजून दोन महिन्यांनी. आपल्या घराण्यात वेळेआधी कुठेही पोचलेली ही पहिलीच. (तिचा बाप मौलिक स्वतःच्या वरातीच्या घोड्यावरही दीड तास उशिरा चढला होता.) जन्मली तेव्हा सातशे चाळीस ग्रॅम. मी तोलमाप खात्यात चौतीस वर्षं काढली, पण हा आकडा ऐकून प्रथमच मला वजनकाटा चुकलेला असावा असं मनापासून वाटलं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मी तपासणीच्या पितळी वजनांची मखमली पेटी घेऊन अतिदक्षता विभागाच्या दारात उभा राहिलो आणि काट्यावरचा शिक्का दाखवा म्हणालो. तिथे मार्थाबेन नावाच्या मुख्य परिचारिका आहेत. उंची चार फूट दहा इंच, पण डॉक्टर बुचसुद्धा त्यांना विचारून खोकतात. त्यांनी मला कोपरापर्यंत दोनदा हात धुवायला लावले, वजनंही पुसून घेतली, आणि मग काटा पुढे केला. काटा अचूक होता, गं. आयुष्यात पहिल्यांदा काटा बरोबर निघाल्याचं मला इतकं वाईट वाटलं.

त्यानंतर पहिल्या आठवड्यात ती आणखी उतरली. मग हळूहळू चढू लागली, आणि एके दिवशी एकदम चाळीस ग्रॅम वाढल्याचं मौलिकने जाहीर केलं. तुझ्या बाने आजीच्या तोऱ्यात शेजारीपाजारी पेंडे वाटले. मी मात्र सवयीने विचारलं की हे भरलेलं वजन की निव्वळ? चौकशीअंती असं कळलं की हातातली सुई हलू नये म्हणून बांधलेली पट्टी, टोपी आणि दोन मोजे हे सगळं त्या वजनात होतं. मी बारदान वजा केलं. निव्वळ वाढ आठ ग्रॅम. तुझी बा म्हणाली, "नातीच्या अंगावरचे बत्तीस ग्रॅम काढून घेतलेत, आता समाधान झालं?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पेंडे परत मागता येत नाहीत, हे एक बरं.

सहाव्या रात्रीच्या छठीचा प्रकार तुला कुणी सांगितला नसेल. मी घरात हुकूम काढला होता की छठीबिठी काही करायची नाही. पण तुझ्या बाने माझे हुकूम बेचाळीस वर्षं मानलेले नाहीत, ती आत्ताच कुठे मानणार? तिने कोरा कागद आणि लाल पेन धुतलेल्या पिशवीत घालून मौलिकबरोबर आत पाठवलं आणि पेटीशेजारच्या फळीवर ठेवायला लावलं, विधात्याने येऊन लेख लिहावा म्हणून. सकाळी कागद परत आला तर त्यावर खरोखरच लिहिलेलं होतं: 'दर दोन तासांनी दूध एक मिली. पोट फुगतंय का पाहणे.' कुणा परिचारिकेला टिपणाला कागद हवा असणार, समोर दिसला तो घेतला. विधात्याने खाली सही करून वेळही घातली होती. मी हे सगळं बाला समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि तो कागद देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. म्हणाली, "दूध लिहिलंय ना नशिबात? मग जगायचंच लिहिलंय."

आणखी एक. हिला रोज कॉफीतल्या अर्काचं औषध देतात. कारण इतकी लहान पोरं मधेच श्वास घ्यायला विसरतात, तर मेंदू जागा राहावा म्हणून. आपल्या सात पिढ्या चहावर जगल्या आणि ही बया आल्याआल्या कॉफी पिते. बाला याचं दुःख झालंय, पण तिने कुणाला सांगितलेलं नाही. (मला सोडून, रोज.)

परवा मोठीच आफत आली. पोरीला रोज तासभर आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीशी धरतात. त्याने वजन वाढतं म्हणे. पण सूनबाई तापाने पडली, मौलिक शिंकतोय, तुझी बासुद्धा शिंकतेय. घरात न शिंकणारा एकटा मीच. मी म्हटलं, माझ्या छातीवर पांढरं जंगल आहे, पोरीला टोचेल. मार्थाबेन म्हणाल्या, "जंगल धुऊन या." धुऊन आलो. त्यांनी मला आरामखुर्चीत बसवलं, पुढून उघडा सदरा घातला आणि नळ्यांसकट पोरगी माझ्या छातीवर ठेवली. एक हजार पासष्ट ग्रॅम. मला कळलंच नाही. एवढंसं वजन छातीवर असतं तरी जाणवत नाही, आणि एकदा घेतलं की मग खाली ठेववत नाही. नाकाला खाज सुटली होती, तरी तासभर मी हललो नाही.

बाकी सर्व ठीक. तू यायची घाई करू नकोस. गाड्यांना गर्दी असते. पत्राचं उत्तर सवडीने दे.

तुझा,
बापुजी

ता. क. फोनवर माझ्याच्याने हे होणार नाही, म्हणून लिहितो. ती जन्मली त्या दिवशी मी तुला फोन करून दरडावलं की येऊ नकोस, आणि नावही ठेवू नकोस. तू रडलीस, मी फोन ठेवला. भाचीचं नाव ठेवायचा फोईचा, आत्याचा हक्क हिरावून घेणारा बाप मी. डॉक्टरांनी आशा फार धरू नका म्हटलं होतं आणि मला वाटलं, बिननावाची गेली तर ओझं कमी होईल. असं काही होत नसतं. चुकलो.

दुसरा ता. क. वर एक गोष्ट लिहायची राहिली. माझ्या छातीवर असताना ती श्वास घ्यायला विसरली. यंत्र बोंबललं. मार्थाबेननी तिच्या तळव्याला टिचकी मारली आणि मला म्हणाल्या, "दादा, नावाने हाक मारा तिला." मी तोंड उघडलं, पण हाक मारायला माझ्यापाशी नावच नव्हतं. शेवटी "अगं ए" म्हणालो, बाला म्हणतो तसं. आली परत.

तिसरा ता. क. मिळेल त्या गाडीने निघ, बेटा. रास कुंभ आहे. बा म्हणते नाव ग, श किंवा स वरून हवं. तुला हवं ते ठेव, फक्त लहान ठेव. ती विसरते तेव्हा लांबलचक हाक मारायला वेळ नसतो.