बोटभर उंची

बाबा, गाडीचे चारही टायर मी बदलले आणि मुद्दाम मोठे घातले. रिम कंपनीचीच ठेवली, टायर मात्र एक माप वरचे. तुम्ही असतात तर दुकानाच्या पायरीवरच मला अडवलं असतंत. "कंपनीवाले कांय पिशे न्हय गो, तांणीं दिल्लें माप तेंच माप," हे तुमचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की साखळी गावच्या त्या टायरवाल्याकडे उभी असताना ते पाठीमागून ऐकू आल्यासारखं झालं. मी वळून बघितलं नाही. कंपनीवाले वेडे नसतील, पण त्यांतला एकही कधी आपल्या बागायतीत आलेला नाही. आणि ही काही तुमची गाडी नव्हे. तुमची केव्हाच भंगारात गेली. ही पिकअप माझ्या कष्टाची आहे, माझ्या नावावर आहे, तेव्हा तिच्या पायात काय घालायचं ते मी ठरवणार.

रस्ता तुम्हाला सांगायला नको. डांबर व्हाळापाशी, त्या ओढ्याशी, संपतं, तिथून बागायतीपर्यंत पाव तासाची चढण, दोन चाकोऱ्या आणि मधे दगडांचा उंचवटा. मागच्या चाकांच्या आसाचा लोखंडी गोळा त्या उंचवट्यावर एकदा आपटला, तेल गळलं, आणि त्या दिवसापासून तुम्ही व्हाळापलीकडे गाडी नेली नाही. केळीचे घड, नारळ, सुपारी, सगळं आईच्या डोक्यावरून खाली यायचं. दिवसाला सात-आठ खेपा. तुम्ही गाडीला टेकून पान लावत बसायचात, ती दिसली की चार पावलं पुढे व्हायचात आणि तिचा भार उतरवून घ्यायचात. बघणारे म्हणायचे, बायकोला किती जपतो.

मी आठवीत आहे, शाळेला सुट्टी आहे. माझ्याही डोक्यावर नारळांची टोपली, मी आईच्या मागून उतरतेय आणि तिच्या मानेची ताठ झालेली शीर मला दिसतेय. खाली आल्यावर मी तुम्हाला विचारलं, गाडी वर का नाही न्यायची? तुम्ही म्हणालात, "गाडयेक कितें जालें जाल्यार नवी कोण हाडटलो? तुजो आजो?" मी आईकडे बोट करून म्हटलं, "आनी आवयक कितें जालें जाल्यार?" थोबाडीत बसली. आईने चुंबळ झटकली, डोक्यावर ठेवली आणि पुढच्या खेपेला वर गेली. गाल दुखला नाही मला तेव्हा, पण तिचं ते न बोलता जाणं आजही दुखतं.

तुम्ही काहीच केलं नाहीत असं म्हणणार नाही. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांत एकेक पाटा वाढवून आणलात, गाडी ऐटीत उंच दिसायला लागली. पण पाट्यांनी बॉडी उचलली जाते, आस नाही. तो गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहिला आणि तुम्हीही व्हाळापाशीच राहिलात. आस उचलायचा तर टायरच मोठा हवा. वीस वर्षं खाणीवर ट्रक चालवलेल्या माणसाला हे कळत नव्हतं? कळत होतं. कंपनीचं माप मोडायची छाती नव्हती, एवढंच. बोलले एकदाचं.

यंदा आईच्या हातांना मुंग्या येऊ लागल्या. हातातून पेला सुटायचा. डॉक्टर म्हणाले, मानेचे मणके झिजलेत, आता डोक्यावर काही नको. हल्ली डोक्यावरून माल वाहायला माणूस मिळत नाही. म्हणजे गाडी वर जायला हवी, नाहीतर बागायत सोडायला हवी, आणि ती सोडायची म्हटल्यावर आई दोन दिवस धड जेवली नाही. मी तडक साखळीला गेले. तिथला बेळगावकडचा फिटर म्हणाला, "ताई, रिम तीच ठेवणार असलासा तर एकच माप वर जावा. त्याच्या वर गेलासा तर घासतंय बघा." मला राग. एकच का? दोन मापं मोठेच घातले. मग घरी आणून मडगार्डच्या आतून ओला चुना फासला आणि स्टेअरिंग दोन्हीकडे पुरतं वळवलं. पानाच्या डबीतला चुना बोटावर घेऊन तुम्ही करायचात, तसंच. टायरला पांढरा पट्टा उठला. घासत होता. गुपचूप परत जाऊन एक माप कमी करून आणले. यात कंपनी जिंकली असं समजू नका. काटा आता खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, चढावर ओढ थोडी कमी झाली, हे सगळं मला माहीत आहे आणि चालतंय. गोळा बोटभर वर गेला. बोटभरच हवा होता.

परवा आईला शेजारी बसवून पहिल्यांदा वर गेले. चुंबळ तिने सवयीने घेतलीच होती, मांडीवर धरून बसली. पहिल्या गिअरात, दात आवळून. खालून गवत सरसरत गेलं, लोखंडाचा आवाज आला नाही. बागायतीत घड भरले, नारळ भरले आणि उतरलो. व्हाळापाशी ती म्हणाली, "थांबय गो मात्शें." तुमची पान लावायची जागा ती काचेतून बघत राहिली. म्हणाली, "हांगा पावलें काय तो म्हजें वजें देंवयतालो." मी म्हटलं, ओझं इथेच उतरवणार ना, गाडी वर जात नव्हती त्यांची. तर ती अगदी सावकाश म्हणाली, "गाडी वयर येना आशिल्ली. तो येवंक शकतालो. चलत."

तुम्ही चालत वर येऊ शकला असतात, हा इतक्या वर्षांत तिने तुमच्याबद्दल काढलेला पहिला वावगा शब्द. मी मोठ्या ऐटीत तुम्हाला हे कळवायला बसले होते. टायरच्या पावतीसोबत हा कागद डॅशबोर्डच्या खणात राहील, तिच्या हाती लागू देणार नाही. कारण तिच्या बोलण्यावर मी मान हलवली नाही, गिअर टाकला आणि निघाले. ही गाडी घेऊन मला सहा वर्षं झाली, बाबा. या उन्हाळ्यापर्यंत मीही व्हाळापाशीच थांबत होते, मोबाइल बघत. ती दिसली की चार पावलं पुढे व्हायचे.