देवापुढे टाकलेली चिठ्ठी

॥ श्री ॥

जुनी शुक्रवारी, नागपूर
१७ जानेवारी १९६९

ती. सौ. मनकर्णाताईस,

वच्छलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि. तू ट्रकवाल्याच्या हाती पाठवलेलं पोतं पोचलं. चारोळी दीड किलो, फोडलेली चिंच दोन किलो, सागवानी पोळपाट एक. ट्रकवाल्याने चहापाण्याचे आठ आणे मागितले. मी चार दिले आणि वर तिळाचे दोन लाडू. हसत गेला.

आता मुख्य गोष्ट. दिवाळीत यांची कापसाची जिनिंग प्रेस बंद पडली. तेव्हापासून हे इतवारीत एका कापडाच्या दुकानी वह्या लिहायला जातात, पगार जुन्याच्या निम्मा. भाऊजींनी तुमच्या जगदलपूरच्या लाकूड डेपोत यांच्यासाठी मुनीमाची जागा बोलून ठेवली, हे उपकार कसे फेडू? पण ताई, माझं मन एका जागी बसत नाही. तिथं कोणी तेलुगू, कोणी ओडिया, कोणी हलबी बोलणार. जया सहावीत आहे, तिची शाळा हिंदीत होईल. उद्या तिला स्थळ कुठून पाहायचं? सासूबाई तर रोज म्हणतात, मी तिथं मेले तर रडन कोण वं, अन् रडलं तरी मले समजन का?

हे मात्र म्हणतात, तू म्हणशील तसं, एवढंच. म्हणून मी ठरवलं, तुझं उत्तर आलं की पुढच्या गुरुवारी देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकायच्या, एक 'जावे', एक 'राहावे'. जया उचलेल. मग कोणी मला बोल लावायला नको.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावर माया आहे तशीच असू दे.

तुझी,
वच्छला

॥ श्री ॥

जगदलपूर
२३ जानेवारी १९६९

चि. सौ. वच्छला हीस,

अनेक आशीर्वाद. तू ट्रकवाल्याचे चार आणे वाचवलेस, आणि तो इथे येऊन तुझ्या लाडवांचं कौतुक सांगत होता. तुझं लहानपणापासून असंच.

खोटं लिहिणार नाही. इथे आले तेव्हा दोन वर्षं मी बाजारात बोटं दाखवून भाजी घेतली. ज्वारी कधी मिळते, कधी नाही. भाताची सवय करावी लागते. रायपूरहून बस दिवसभर घेते आणि केशकालच्या घाटात जयाला उलटी होईल, लिंबू जवळ ठेव.

आता दुसरी बाजू. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अकरा बायका आल्या, त्यात मराठी दोन. शेजारची सूर्यम्मा हळद कालवून घेऊन आली आणि माझ्या पायांना लावायला खाली बसली. त्यांच्यात तशी रीत आहे. मी पाय मागे घेतले, तर ती रागावली, म्हणे, मग मी आले कशाला? शेवटी पाय पुढे केले. तुझे भाऊजी अजून मला पिवळे पाय म्हणून चिडवतात. तुझ्या सासूबाईंना, जिजाबाईंना सांग, रडण्याची काळजी करू नका, सूर्यम्मा शेजारची म्हैस मेली तरी रडते.

चिठ्ठ्या टाक हवं तर. पण डेपोच्या शेटजींना फेब्रुवारीअखेरच्या आत हो-नाही सांगावं लागेल.

तुझ्या ताईचे आशीर्वाद.

॥ श्री ॥

नागपूर
३ फेब्रुवारी १९६९

ती. सौ. ताईस,

शि. सा. नमस्कार. गुरुवारी आंघोळी करून चिठ्ठ्या टाकल्या. जयाने डोळे मिटून एक उचलली. 'राहावे' निघाली.

झालं, प्रश्न मिटला म्हणायचा. हे दुकानी गेले. सासूबाई मात्र भाजीवालीपासून दळणवाल्यापर्यंत सगळ्यांना आधीच सांगून बसल्या होत्या की आम्ही बस्तरात चाललो. आता म्हणतात, लोकाइले काय तोंड दाखवू?

मला काय झालंय कळत नाही. शनिवारी वरणात दोनदा मीठ पडलं. जयाला हिंदीचा धडा वाचायला बसवते आणि मधेच आठवतं की आता कशाला. हिशेबाच्या वहीत 'रायपूर बसभाडे' म्हणून जागा सोडली होती, तिथे काही लिहवत नाही. देवाने सांगितलं ते बरंच सांगितलं असेल. मग मी अशी घरभर का फिरून राहिले? भाऊजींना नकार कळव. त्यांनी शब्द टाकला होता, त्याचं वाईट वाटतं.

राग धरू नकोस.

वच्छला

जगदलपूर
९ फेब्रुवारी १९६९

चि. सौ. वच्छला हीस आशीर्वाद. कार्डावर थोडक्यात लिहिते. नकार अजून कळवलेला नाही. तुझ्या पत्रात नकार एका ओळीचा आणि बाकी सगळी घालमेल, मग कळवू काय? शेटजींनी रायपूरचा एक माणूस पाहून ठेवला आहे. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणतात, पण धंदेवाल्याचं थांबणं ते. जे असेल ते खरं लिही.

ताई

॥ श्री ॥

नागपूर
१६ फेब्रुवारी १९६९

ती. सौ. ताईस,

शि. सा. नमस्कार. बुधवारी प्रेसचा जुना चौकीदार शालिकराम दारात आला आणि उंबऱ्याबाहेरूनच एक कार्ड यांच्या हातात दिलं. कोपरा फाडलेलं. यांचे चुलत काका महादेवराव भिवापूरला २७ जानेवारीला वारले. त्या लोकांना प्रेसचाच पत्ता ठाऊक, आणि बंद प्रेसमध्ये ते कार्ड पडून राहिलं. यांनी बाहेरच वाचून फाडलं, आंघोळ केली. दहा दिवस उलटून गेल्यावर कळलं म्हणून तीनच दिवसांचं सुतक धरलं. काल फिटलं.

पण ताई, माझ्या मनात पहिल्याने काय आलं ते लिहायला लाज वाटते. काका गेले याआधी हे आलं, की चिठ्ठ्या टाकल्या त्या ३० तारखेला आपण सुतकात होतो. सुतकात टाकलेली चिठ्ठी खरी कशी धरायची?

आज सकाळी सासूबाईंना घेऊन देवळातल्या महाराजांकडे गेले. ते म्हणाले, कळण्याआधी सुतक लागत नाही, तुमची चिठ्ठी खरी. मी उलट बोलले. आजवर महाराजांना कधी बोलले नव्हते. म्हटलं, न पाहता निखाऱ्यावर पाय पडला तर भाजत नाही का? ते हसले आणि म्हणाले, एवढीच शंका असेल तर परत टाका.

परतताना सासूबाई रस्त्यातच थांबल्या. म्हणाल्या, काहून वं वच्छला, तुले जायचंच होतं तर देवाले मधात कायले घातलं? भर रस्त्यात मला रडू आलं. त्या पदराने माझं तोंड पुसत होत्या आणि वरून बोलत होत्या, की माह्या मरणाचं मी पाहून घेईन, तू तुह्या जगण्याचं पाहाय.

घरी येऊन चिठ्ठ्यांना कागद फाडला, पण टाकल्या नाहीत. परत 'राहावे' निघाली असती तर मी ती मानली नसती, आणि न मानायची तर विचारायचं कशाला? देवापुढे हात जोडून म्हटलं, या वेळी विचारत नाही, सांगते. आम्ही जातो. चुकलं तर तिथे येऊन रागव.

यांना सांगितलं. म्हणे, तुझंच मन नाही असं समजून मी तोंड उघडलं नाही. मी म्हटलं, मलाही आत्ताच कळलं. जयाने मात्र अट घातली आहे, घाटात खिडकीची जागा तिची.

तेव्हा भाऊजींनी कृपा करून शेटजींना आमचा होकार सांगावा. दोन खोल्या पुरतील, पण सासूबाईंना पायऱ्या नकोत. जागा त्या रायपूरच्या माणसाला गेली असेल तर तसंच लिही, माझ्यासाठी गोड करू नकोस. इथे कोणाचाच पाय ठरत नाही. तार करू नकोस, सासूबाई तारेला भितात. उलट टपाली कळव.

तुझी,
वच्छला