उरलेली बाही

ता. ४, सोमवार

आले एकदाची मुलाच्या घरी. येत नाही म्हणत होते, पण नात पाच वर्षांची, तिची आई जाऊन वर्ष होत आलं, आणि मुलाला पोरीच्या वेणीला साधं रबर लावता येत नाही. मला बघताच नात गळ्यात पडली आणि जी बोलायला लागली ती थांबेचना. मी तिला टिटवी म्हणते. मेलीच्या तोंडाला विसावा नाही. आजोबांवर गेली म्हणावं तर ते बिचारे मान हलवण्यापलीकडे बोलत नसत. माझ्यावरच गेली असणार.

घर बरं आहे. खोल्या तीन आणि टीव्हीही तीन. मी म्हटलं, माणसं दोन आणि टीव्ही तीन, एक काय उंदरांना ठेवलायस? तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला असेल. सिनेमाचं खूळ त्याला लहानपणापासून. जमवलेल्या सगळ्या तबकड्या आता त्याने एका काळ्या डब्यात उतरवल्यात. डबा चपलांच्या कपाटात असतो. त्याला एक हिरवा दिवा, आणि आत मांजर निजल्यासारखी घुरघुर. पुढच्या खोलीत सिनेमा अर्धा सोडला की मागच्या खोलीत तिथूनच पुढे लागतो. टिटवीचा टॅब आहे, त्यात भरूनही घेता येतो, म्हणजे प्रवासात डबा नको, वायर नको, काही नको. हे सगळं असं सांगत होता, जसं काही त्या डब्याचं बारसं आहे.

ही वहीसुद्धा त्यानेच दिली. आई, रिमोटची बटणं लिहून ठेव म्हणाला. लिहिली. लाल, मग मधलं दोनदा. संपलं. बाकीची पानं कोरी कशाला ठेवू? तिसरीपर्यंत शिकलेय. कुरकुर लिहायला तेवढं रगड.

ता. ६, बुधवार

माझा चष्मा येताना बसमध्ये माझ्याच बुडाखाली गेला. मुलगा चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात आहे, आणि त्याची आई भिंती चाचपत फिरते. आणतो म्हणाला.

आज कपाटं आवरली. सुनेच्या कप्प्यात लाल स्वेटर सापडला, टिटवीसाठी विणायला घेतलेला. एक बाही झालेली, दुसरीचे खांद्यापाशी नुसते टाके, सुया तशाच अडकलेल्या. ती अर्धवट सोडणारी नव्हती. मरणानेच सोडायला लावलं. म्हटलं उसवून टोपी करावी. टोक सापडलं की उसवायला कितीसा वेळ. पण टिटवीने हिसकावून घेतला, म्हणे आईचं आहे. परत ठेवला.

ता. ८, शुक्रवार

दुपारी टिटवी निजली की मी टीव्ही लावते. सिनेमा लागतच नाही, सून लागते. फोनवर काढलेलं घरचं चित्रणही मुलाने डब्यात भरलंय म्हणे. मागच्या खोलीत खिडकीशी बसून ती विणतेय. बोलणं नाही, सुयांचा टिकटिक आवाज तेवढा. मला धूसर दिसतं, पण हात ओळखू येतात. सून हट्टी आणि मी महाहट्टी, त्यामुळे आमचे तंटे व्हायचे, पण विणकामात तिला नाव ठेवायला मला कधी जागा मिळाली नाही. बरं वाटतं बघत बसायला. टिटवी उठली की बंद करते. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे लागतं.

ता. ११, सोमवार

मुलाला सांगितलं, बायकोचं चांगलं लांबलचक काढून ठेवलंयस. तो म्हणाला, कुठलं लांबलचक, चहा उकळायच्या आत संपतं ते. मी म्हटलं, पोर निजते तोवर चालू असतं. म्हणाला, आई, तुला डुलकी लागत असेल. मला डुलकी! लग्नाच्या मांडवात तूच निजला होतास, बाबा.

पण बाही वाढतेय. आधी खांद्याशी होती, आज कोपराला टेकली. मला टाके कळतात.

म्हणून कपाटातला स्वेटर काढून बघितला. त्याचीही कोपरापर्यंत आलीय.

मुलाला रबर लावता येत नाही. मी सुयांना हात लावला नाही. मग?

ता. १३, बुधवार

चष्मा आला. नाकावर चढवला आणि टीव्ही लावला तर कळलं, लाल बटणानंतर आधी चेहरे येतात आणि खाली विचारतात, कोण बघतंय? मुलाचा चेहरा, टिटवीचा, माझा (चोर पकडल्यासारखा फोटो लावलाय), आणि सगळ्यात पहिला सुनेचा. मधलं बटण दोनदा दाबलं की पहिला चेहरा लागतो.

म्हणजे मी आल्यापासून तिच्या नावाने बघत होते. डब्याला वाटलं असेल ती परत आली. तिने सोडलं होतं तिथून त्याने पुढे लावलं, आणि रोज मीच तिला पुढे नेत राहिले.

माझ्या चेहऱ्याने लावून बघितलं. मुलगा म्हणाला तसंच, चुटकीसरशी संपलं. तिच्या चेहऱ्याने लावलं. संपत नाही.

मुलाला म्हटलं तिचा चेहरा काढून टाक. म्हणाला, तिथूनही काढू? मग तोंड धुवायला गेला, तो बराच वेळ आलाच नाही.

ता. १५, शुक्रवार

दोन दिवस मी रिमोटला शिवले नाही. आज दुपारी सुयांचा आवाज आला. मागच्या खोलीतला टीव्ही चालू, टिटवी समोर बसलेली, मांडी घालून, गप्प. टिटवी गप्प! कोणी लावलं विचारलं तर म्हणाली, आईने.

तिच्या डाव्या दंडाला लाल लोकर बांधलेली. म्हणे आई माप घेते.

मी कात्रीने कापली. दंड गार होता. आणि टीव्हीत सुनेच्या मागे पडदा होता निळा, मी परवा टांगलेला. निळा दोरा नव्हता म्हणून खालची शिवण मी काळ्याने घातलीय. ती काळी शिवण दिसत होती.

हे जुनं चित्रण नाही.

ता. १७, रविवार

मुलाला धरून समोर बसवलं. बघ म्हटलं. त्याने बघितलं. बाही कोपराच्या खाली आलीय. सुनेने मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघून बोलली. नेहमी बोलायची तसंच. अहो आई, एवढी बाही झाली की झालं.

मुलगा गुडघ्यावर बसला, टीव्हीला हात लावून. तेव्हापासून उठला नाही. कारखान्यात जाणार नाही म्हणतो. म्हणतो, आई, पाया पडतो, बंद करू नकोस, स्वेटर झाला की ती येईल.

अरे गाढवा. स्वेटर तुझ्या मापाचा नाही.

ता. १८, सोमवार

टिटवीने दूधसुद्धा घेतलं नाही. जेवढी बाही तेवढा हात गार. रात्रीपर्यंत मनगटाशी जाईल. चोळला, शेकला, माझ्या पोटाशी धरून बसले. ऊब येत नाही. रडत पण नाही. रड गं बाई, ओरड, कान किटव माझे —

रिमोट लपवला. टीव्ही चालूच. वायर ओढली. मुलाने परत लावली. माझा हात धरला त्याने, जोरात. माझ्या पोटचा.

लेकीला फोन केला. म्हटलं उद्या सकाळी येऊन भाचीला घेऊन जा, कारण विचारू नकोस. ती म्हणाली, आई, दादाशी भांडलीस ना? म्हटलं हो. भांडलेच.

ता. १९, मंगळवार

लेक आली. टिटवीची पिशवी मी भरली. दारात पोर पहिल्यांदा रडली, आईकडे राहायचं म्हणून. बस चुकेल म्हणून टॅब दिला हातात. गप्प झाली. गेली. सुटली.

मग चपलांचं कपाट उघडलं. मुलगा धावला. पण मी आधीच उचलला होता. डबा बादलीत. हिरवा दिवा पाण्याखाली जरा वेळ तसाच, मग गेला. टीव्ही तिन्ही काळे.

तो बादलीशी बसलाय. म्हणाला, आई, तू तिला परत मारलंस. म्हणू दे. पोर वाचली.

आता स्वेटर जाळते.

कप्प्यात नाही —

तोच दिवस

बाळा, तू ऐकत नाहीस म्हणून लिहून ठेवते. उठलास की वाच. बहिणीकडे ये. येताना मोठी कात्री आण. मी पुढे होते.

तिचा फोन आला. पोचली. म्हणते, भाची शहाण्यासारखी आली, वाटभर टॅब बघत होती. मी विचारलं, काय बघत होती? म्हणते, कोण जाणे, कोणीतरी बाई विणत बसलेली.

टॅबमध्ये भरून घेता येतं. डबा नको, वायर नको. तूच सांगितलं होतंस. मीच दिला हातात. मी —

म्हणते, आई, स्वेटर किती छान झालाय गं, तू विणलास? दोन्ही बाह्या अगदी मापात. वाटेत कधी घातला कळलंच नाही. पण पोर एवढी गार कशी?

काप म्हटलं. उसव. आत्ताच्या आत्ता. ती म्हणाली, टोकच सापडत नाही गं —

म्हटलं टिटवीला फोन दे.

तिने घेतला. आवाज टिटवीचाच. पण आजी म्हणाली नाही. म्हणाली, अहो आ