पितळेचे सांधे

फेअरफॅक्स, रविवार

वेन्डेल,

हे पत्र टपालात टाकणार नाही, कारण तुला विचारायचं काहीच नाही.

काल फोनवर म्हणालास, "लोर्ना, ती सायकल आता चालवू नकोस. म्युझियमवाले न्यायला येतायत. तिच्यावर माझं नाव आहे." आहे ना, स्टिकरवर. फ्रेमचे सांधे मात्र पितळ वितळवून मी जोडले. तू तेव्हा शर्यती मारत फिरत होतास.

आज सकाळी तीच सायकल डोंगरावरून खाली सोडली. दर उतरणीला जळतं तसं मागच्या चाकाच्या आसात बसवलेल्या ब्रेकमधलं ग्रीस तापून जळलं, धूर निघाला. वळणावर आपटले. तुझं स्टिकर खरवडून गेलं. सांधा एकही हलला नाही.

आता ब्रेकमध्ये नवं ग्रीस भरतेय. म्युझियमवाल्यांना मीच सांगेन: पाटीवर माझं नाव लिहा, नाहीतर सायकल उतारावर गाठून दाखवा.

काळ्या हातांची,
लोर्ना