हिरवी की लाल

औरंगाबाद,
मार्गशीर्ष, सन १९५३

तीर्थरूप आप्पासाहेब मामांच्या पायांवर भाचा बद्रीनाथचं डोकं. इथं सगळे खुशाल. तुमच्या गुडघ्याची सूज शेकून उतरली असेल. (नसली तर पुढचा मजकूर बसून वाचावा.)

तुम्ही सांगितल्याप्रमाणं शहागंजात जाहेदाबेगमांच्या हवेलीवर दोन्ही गाड्या पाहिल्या. जागिरी गेल्या, साहेब वारले आणि बेगमसाहेबा आता लेकाकडं हैदराबादला निघाल्या, म्हणून विकायला काढल्यात. एक इटलीची लाल, एक इंग्लंडची हिरवी. दोन्ही शर्यतीच्या जातीच्या, दोन्हींत माणसं दोनच. लाल दिसायला नवरदेवाच्या घोडीसारखी, पण इतकी बुटकी की आत शिरायचं म्हणजे आधी जमिनीवर बसायची तयारी पाहिजे. (तुमचा गुडघा ध्यानात ठेवून मी दोनदा शिरून पाहिलं. बाहेर मात्र मला काढावं लागलं.) हिरवी जरा उंच, पण रंग उडालेला, वरचं कापड फाटलेलं, आवाज पिठाच्या गिरणीचा. तुम्ही जमवलेल्या बंद घड्याळांच्या शेजारी शोभेल तर लालच, असं मी ठरवून टाकलं होतं.

तरी घाटात चालवून बघू, असं त्यांचा ड्रायव्हर इब्राहीम म्हणाला. आता, मामीला कळू द्यायचं नाही हे तुमचं फर्मान मी पाळत होतो. पण ती सिल्लोडहून लुगडी घ्यायला आलेली, शहागंजातच भेटली, आणि गाड्या वेरूळकडं निघाल्यात म्हटल्यावर तिनं घृष्णेश्वराचं दर्शन काढलं. लालमध्ये इब्राहीम आणि मी. मामी उभीच राहिली. तेव्हा बेगमसाहेबांनी ओढणी डोक्याला घट्ट बांधली आणि त्या हिरवीच्या स्टिअरिंगमागं जाऊन बसल्या. इब्राहीमला काहीच नवल वाटलं नाही. साहेबांना गाडी चालवता येतच नव्हती, तेच बेगमसाहेबांच्या शेजारी बसायचे, असं त्यानं मला वाटेत सांगितलं.

दौलताबादच्या घाटात लाल तापली आणि वाफ सोडत उभी राहिली. हिरवी बाजूनं वर गेली. मामीनं आमच्याकडं बघून हात हलवला, गाडी काही थांबली नाही. आम्ही लालवर पाणी ओतत दुपारभर तिथंच. उन्हं उतरल्यावर हिरवी परत आली, तेव्हा स्टिअरिंगमागं मामी होती.

हवेलीवर बेगमसाहेबा म्हणाल्या, "लाल साहेबांच्या शौकाची. ती कुणीही न्या. हिरवी माझी आहे, ती मी बाईच्याच हाती देणार."

"मग द्या माझ्याकडं," मामी म्हणाली.

मामांना विचारावं लागेल, असं मी पुटपुटलो.

"त्यांना काय इचारायचं? लई हौस असंल तर लाल घ्यावी अन् वसरीत उभी करावी."

बेगमसाहेबांनी किल्ली मामीच्या तळहातावर ठेवली, तिची मूठ आपल्या हातानं मिटवली आणि बराच वेळ सोडली नाही. इब्राहीम पाण्याचा डबा धूत राहिला, मलाही कुठं बघावं कळेना. तेव्हा मामा, नीट तुलना करता हिरवीच चांगली, असं माझं मत झालेलं आहे.

आपला आज्ञाधारक,
बद्रीनाथ

ता. क. - पैसे तुमच्या नावानं ठरलेत. गाडी मामीच्या नावानं.

आणखी एक - रविवारी मामी स्वतः चालवत सिल्लोडला निघतेय, शेजारी मी. पळवणं, वळवणं, भोंगा वाजवणं तिला उत्तम जमतं. थांबवणं तेवढं राहिलंय. तरी गडी पुंजारामला सांगून फाटक सताड उघडं ठेवावं आणि समोरच्या भिंतीला कापूस रचावा. मोकळा रचावा. दाबून बांधलेल्या गाठी नकोत, गाठी लई कडक असतात.