थोरल्या भावोजींचा खोकला

॥ श्री ॥

माकुणसार,
ता. १२ फेब्रुवारी १९६६

चि. सौ. दमयंतीस,
वहिनी म्हणून अनेक आशीर्वाद आणि शाळासोबतीण म्हणून एक चिमटा. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तारापूरच्या नव्या क्वार्टरात नळाला दोन वेळा पाणी येतं हे वाचून तुझा असा हेवा वाटला, की म्हटलं, नणंदेला आता माहेरपणाला बोलावूच नये. जावईबुवांना प्रकल्पावर उन्हातान्हात हिंडावं लागतं म्हणतेस, तर आमसुलं पाठवली आहेत, त्यांचं सार करून देत जा.

दिल्लीत बाई पंतप्रधान झाली म्हणून तू शेजारी साखर वाटलीस. इथे तुझ्या दादांनी, म्हणजे आमच्या थोरल्या भावोजींनी, रेडिओ पार ओटीवर आणून मोठा लावला आणि आल्यागेल्याला सांगत होते, की बघा, आता बायकांचं राज्य आलं. ते राज्य मी आणि जाऊबाईंनी दाराआडून ऐकलं. तुझ्या माहेरची रीत तुला ठाऊकच आहे. दादा उंबऱ्याशी येऊन खाकरले, की आम्ही दोघी हातातलं टाकून आत पळायचं.

पंचायतीतही तेच. बायकांच्या राखीव जागेवर मला सभासद केलं, पण सरपंच पडले थोरले भावोजी. त्यांच्यासमोर खुर्चीवर कशी बसणार? म्हणून मी कचेरीच्या मागच्या खोलीत, कंदील आणि झाडू ठेवतात तिथे पाटावर बसते. ठराव झाला की जानू शिपाई दारातून डोकं घालतो आणि विचारतो, की वयनी, मंजूर हाय ना. मी हूं म्हणते. वर्षभरात पंचायतीत मी एवढंच बोलले आहे गं.

आता मात्र पंचाईत झाली आहे. गावाला सरकारी विहीर मंजूर झाली. भावोजींच्या मनात ती देवळासमोर, रस्त्याच्या कडेला बांधायची आहे, म्हणजे पालघरहून येणाऱ्या साहेबलोकांच्या नजरेत भरेल. पण देवळापाशी आधीच एक विहीर आहे. चैत्र लागला की पाणी मचूळ होतं ते आपल्या बाजूचं, खालच्या आळीचं आणि पाड्याचं. खालच्या आळीतली काशीबाई माझ्या पडवीत येऊन बसली आणि म्हणाली, की पंचायतीत आमची बाई हाय म्हणून आमी खूश होतो, पण बाईला तोंडच नाय तर ती असून काय उपेग. मला रात्रभर झोप आली नाही.

होळीच्या आधल्या शुक्रवारी सभा आहे. तेव्हा बोलले नाही तर विहीर देवळापाशी जाणार आणि आपल्या बायका आणखी वीस वर्षं हंडे वाहणार. तू लेखिका ना? मग मला एक भाषण लिहून दे. लवकर.

बाळाला पापा. माझ्यावर लोभ आहे तेवढा पुरे, भाषण मात्र मोठं असू दे.

तुझी,
जयवंती

*

तारापूर,
ता. २० फेब्रुवारी १९६६

सभासद सौ. जयवंतीवहिनी यांचे सेवेशी,
स. न. वि. वि.

हसू नकोस, आता तुला असंच लिहिणार. सोबत भाषण जोडलं आहे. सुरुवात ‘हे मातृशक्ती, जागी हो’ अशी केली आहे. मध्ये गार्गी आणि मैत्रेयी येतात, शेवटी अमृतकुंभ येतो. ‘हे मातृशक्ती’ म्हणताना उजवा हात वर कर. आवाज नाभीतून काढ.

माझी बातमी म्हणजे कथा पुन्हा साभार परत आली. महाबळेश्वरच्या बंगल्यातली, नायिका व्हायोलिन वाजवते ती. संपादकांनी लिहिलं आहे, की भाषा डौलदार आहे, पण माणसं कुठे भेटत नाहीत. दिवसभर रडले. शेजारच्या गोजराबाई नगरकडच्या आहेत, त्यांचे यजमान चंद्रभान प्रकल्पावर काँक्रीटच्या कामाला आहेत. त्यांनी शेंगदाण्याची चटणी आणून दिली आणि कथा वाचून दाखव म्हणाल्या. सगळी ऐकून त्यांनी विचारलं, की ही बाई सारखी चहा पिते, तर त्या चहाचं पाणी कोण भरतं? मला इतका राग आला! 

वहिनी, दादाला भिऊ नकोस हे सांगणं मला सोपं आहे, मी वीस मैलांवर बसले आहे. तरीपण बोल. तू बोललीस तर मला वाटेल मीही लिहू शकेन.

भाऊला नमस्कार सांग, आणि भाषण पाठ होईपर्यंत त्याने चेष्टा करायची नाही अशी माझी सक्त ताकीदही.

तुझी परत आलेली,
दमयंती

*

माकुणसार,
ता. ६ मार्च १९६६

चि. सौ. दमयंतीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी भाषणाचं सांगते. ते मी गोठ्यात पाठ केलं. ‘हे मातृशक्ती’ म्हणून हात वर केला, तर म्हैस दचकली आणि दूध चोरलं. तुझे भाऊ कुडापलीकडून ऐकत होते. त्या दिवसापासून हे मला जेवायला वाढायला सांगताना ‘हे मातृशक्ती’ असंच म्हणतात. मेलं तुझं भाषण!

शुक्रवारी मी लवकर गेले. वाटलं, रिकाम्या कचेरीत एकदा म्हणून बघावं. जानू झाडत होता. भिंतीकडच्या खुर्चीवर नुसतं टेकून बघितलं, उभं राहून बरं की बसून बरं ते ठरवायला. मनातल्या मनात गार्गीपर्यंत आले होते, तेवढ्यात पाड्यावरचा बुधा आला, मग बाकीचे सभासद आले. मी उठायच्या बेतात होते आणि दाराशी भावोजी खाकरले.

देवाशपथ सांगते, पहिल्यांदा मी भीतीनेच उठले नाही.  सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आत जाईन तेव्हा भावोजी आत येणार, ही रीत सगळ्या गावाला ठाऊक. ते पुन्हा खाकरले, जरा जोराने. मग मला काशीबाईचं बोलणं आठवलं आणि भीतीचा हट्ट झाला. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. बाहेर भावोजी, आत मी, आणि सभा सुरू होईना. तिसऱ्यांदा तर ते असे खाकरले की देवळावरची कबुतरं उडाली.

तुझ्या भाषणातला एकही शब्द मला आठवेना. आणि तोंडातून निघालं काय, तर मी जानूला सांगितलं, की भावोजींना फार खोकला झालाय, त्यांना पाणी नेऊन दे. दमयंती, हे माझं पंचायतीतलं पहिलं भाषण!

आधी बुधा हसला, मग सगळेच. भावोजी लालबुंद होऊन आत आले आणि आपल्या खुर्चीवर बसले, पण तोंड माझ्याकडे होऊ नये म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे करून. सगळी सभा त्यांनी त्या कॅलेंडरशी बोलून चालवली. विहिरीची वेळ आली तेव्हा कॅलेंडरलाच विचारलं, की कुणाला काही सांगायचं आहे का. मी बसूनच बोलले, उभी राहिले असते तर पडले असते. म्हटलं, हंडा ज्यांच्या डोक्यावर, त्यांना विचारून जागा ठरवा. ते म्हणाले, की देवळासमोर शोभा येईल, साहेब बघतील. मी म्हटलं, साहेब वर्षातून एकदा येतो आणि तोही आपल्याकडे शहाळंच पितो.

मतं घेतली तर दोन्हीकडे सारखी. आता सरपंचांच्या मतावर सगळं आलं.  मग त्यांनी जानूकरवी मला विचारलं, की आपल्या घरचं पाणी चैत्रात कुठून येतं. बघ हं, साठीच्या घरात आलेला माणूस हे विचारतो! मला एकदम रडूच आलं. मी सांगितलं, की जाऊबाई आणि मी देवळापाशीच्या विहिरीवरून आणतो, जाऊबाईंचा खांदा दुखतो तो त्यानेच. तुम्हाला कधी दिसलं नाही, कारण तुम्ही खाकरलात की आम्ही हंड्यासकट आड होतो.

त्यांनी कॅलेंडरकडे बघतच हात वर केला आणि म्हणाले, की खालची आळी.

 रात्री ते जेवायला आले ते न खाकरता. जाऊबाईंच्या हातातली पळी पडली. ते पानावर बसले आणि त्यांनी एवढंच विचारलं, की कुठला खांदा.

बाकी क्षेम. काशीबाईने केळफूल आणून दिलं आहे, तेच आज शिजतंय.

तुझी, गार्गी नव्हे, मैत्रेयी नव्हे,
जयवंती

*

तारापूर,
ता. २ एप्रिल १९६६

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी गोजराबाईंना वाचून दाखवलं. ‘कुठला खांदा’ला त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, की ही खरी गोष्ट, ती व्हायोलिनवाली द्या चुलीत.

वहिनी, मी ती लिहिली आहे. गावाचं नाव बदललं, माणसांचीही. महाबळेश्वर नाही, मातृशक्ती नाही. लिहिताना पहिल्यांदाच मला शब्द शोधावे लागले नाहीत. पण तुझी हरकत असेल तर पाठवणार नाही, पेटीत ठेवीन. मनापासून सांगते, ती पेटीत राहिली तर मला वाईट वाटेल, आणि दादाला लागली तर त्याहून जास्त. काय ते तू ठरव. सभासद तू आहेस.

उत्तराची वाट बघत नखं खाणारी,
दमयंती

*

माकुणसार,
ता. २० नोव्हेंबर १९६६

चि. सौ. दमयंतीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

दिवाळी अंक पोचला! तुझं नाव छापलेलं बघून मी अंकाला हळदकुंकू वाहिलं, त्याचा डाग नेमका पानावर पडला आहे. परवानगी देताना मी घातलेली अट पाळलीस, मला गोरीपान केलं नाहीस, हे बरं झालं. म्हशीचं मात्र लिहायला नको होतंस.

अंक आधी जाऊबाईंनी वाचला. मग खालच्या आळीत गेला, काशीबाईला तिच्या सुनेने वाचून दाखवला, मग पाड्यावर. आता त्याचं कव्हरही उरलेलं नाही. गावात एकूण एक बाईला ठाऊक आहे आणि भावोजींना कुणी पत्ता लागू दिलेला नाही. ते समोरून आले की बायका पदरात हसतात. त्यांना वाटतं, आपल्याला मान देतात. मला भीती वाटते गं, ते वाचतील तेव्हा काय होईल? विहिरीचं काम भातकापणीनंतर धरलं आहे. पाणी लागेपर्यंत तरी कळू नये.

तुझ्या भावांचं म्हणणं, की गोष्टीत त्यांना फारच थोडी जागा दिलीस. पुढच्या वेळी बघ.

तुझी अभिमानाने फुगलेली,
जयवंती

*

॥ श्री ॥

माकुणसार,
ता. १४ मे १९६७

चि. सौ. दमयंतीस,
विश्रामदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. आज लिहितो आहे, कारण तसंच कारण आहे.

परवा अक्षयतृतीयेला खालच्या आळीच्या विहिरीचं पाणी खुलं केलं. नारळ वाढवला. पालघरचे साहेब आले होते, शहाळं पिऊन गेले. पहिली कळशी काशीबाईने ओढली. पाणी गोड आहे. सरपंच म्हणून पहिला पेला मला दिला. मी घोट घेतला आणि मला ठसका लागला. तर काय सांगू, साऱ्या बायका एकदम हसत सुटल्या! काशीबाई तर हसता हसता खालीच बसली. बुधाची म्हातारी ओरडून सांगत होती, की वयनी, सरपंचाला पाणी द्या. माझ्या हातात पेला होता, आणि सगळ्या विहिरीचं पाणी समोर होतं. ह्यात हसण्यासारखं काय ते मला उमजेना. जयवंतीकडे बघितलं तर तिचा चेहरा पांढरा पडलेला.

घरी येऊन तुझ्या थोरल्या वहिनीला विचारलं. तिने आधी मला जेवू घातलं, मग फडताळातून तुझा अंक काढून पुढ्यात ठेवला. कव्हर नाही, हळदीचे डाग पडलेले. म्हणजे सहा महिने गाव वाचत होतं आणि मी एकटा कोरडा राहिलो होतो.

दोनदा वाचला. पहिल्यांदा राग आला, तो खोटं कशाला सांगू. कबुतरं उडाली हे तू जरा वाढवून लिहिलं आहेस का, असं जयवंतीला न खाकरता दारात उभा राहून विचारलं. ती म्हणाली, की कबुतरं खरी आहेत. मग दुसऱ्यांदा वाचला. खांद्याच्या जागी आलो आणि चष्मा पुसावा लागला. तुझी थोरली वहिनी तेव्हा नव्या विहिरीवरून येत होती, घागर कमरेवर घेऊन, हसत कुणाशी तरी बोलत. ती मला दिसली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, हिला पाणी आणताना मी पहिल्यांदा बघितलं.

पंचायत समितीच्या निवडणुका पुढे येत आहेत. जयवंतीचं नाव मीच पुढे करणार आहे. तिला अजून सांगितलेलं नाही, तू सांग, मला जमणार नाही. हल्ली सभेला ती आली नसेल तर मी दाराशी थांबतो. ती येऊन बसली की आत जातो. जानू म्हणतो, की हीही नवी रीतच झाली.

अंकाच्या आणखी चार प्रती पाठव, ह्याची पानं सुटत चालली आहेत. जावईबुवांना आशीर्वाद. बाळाला घेऊन आंब्याला ये, पाणी आता घराजवळ आहे.

आणि पुढे कधी पुन्हा आमच्यावर लिहिशील, तर एवढं लक्षात ठेव, की विहिरीवरचा तो ठसका खरा होता.

तुझा,
विश्रामदादा