कुंपणावर राहिलेली बाही

ती. आत्या,

बूट काढून, टाचा जुळवून साष्टांग नमस्कार. (सकाळच्या कवायतीनंतर साष्टांगासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत, माणूस आपोआप आडवा होतो.) तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत, एवढंच सांगता येईल. भूक उत्तम, वजन वाढलंय, झोप उभ्याउभ्याही लागते. आईला यातलं फक्त वजन सांग.

परवा फोन मध्येच तुटला म्हणून तू रुसून बसलीयेस, असं आईकडून कळलं. आत्या, तो मी ठेवला नव्हता, माझ्या हातातून काढून घेतला होता. पहिल्यापासून सांगतो, म्हणजे निदान तू तरी माझी बाजू घेशील.

त्याचं असं झालं, की तू पाठवलेला स्वेटर घालून मी पहाटे धावायला गेलो आणि कुंपणाच्या काटेरी तारेत बाहीचा धागा अडकला. थंडी वाजत होती म्हणून मी जोरात धावायला लागलो, तर जितका जोरात धावतोय तितकी थंडी वाढतेच आहे! मागून सगळी तुकडी हसत होती. मला वाटलं, माझ्या पळण्याला. मैदानाला वळसा घालून आलो तेव्हा डावी बाही, डावा खांदा आणि अर्धा गळा कुंपणावर होता आणि उरलेल्या स्वेटरात मी. (तुझ्या टाक्यांबद्दल तक्रार नाही, तारेबद्दल आहे.)

सगळे म्हणाले, फेकून दे. पण तू डोळ्यांत तेल घालून विणलेला स्वेटर फेकायचा कसा? शेजारच्या खाटेवरच्या पहिलवानानं मोडक्या सायकलच्या चाकाचे आरे घासून मला सुया करून दिल्या, लोकर गुंडाळून दिली आणि म्हणाला, "आता आत्याबाईंनाच विचार." म्हणून तो फोन.

आमच्याकडे घरी बोलायला एकच फोन, तो बिनतारीच्या खोलीत, आणि शेजारी बिनतारीवाला कायम कान टवकारून बसलेला. (त्याला पगारच त्याचा मिळतो.) तू सांगायचंस आणि मी मोठ्यानं म्हणत लिहून घ्यायचं. त्याच्या कानावर पडलं ते एवढं: "डावीकडचे दोन सोडून द्यायचे. मग खांदे उतरवायचे. खांदे उतरले की गळा. गळा आवळायचा, पण एकदम नाही, हळूहळू."

त्यानं फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि थोड्याच वेळात मी साहेबांपुढे उभा.

"गळा कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

"माझाच, साहेब."

"आणि खांदे उतरवायला कुणी सांगितलं?"

"आत्यानं, साहेब."

"ही आत्या कोण?"

"वडिलांची बहीण, साहेब."

बिनतारीवाल्यानं 'वडिलांची बहीण' हेही लिहून घेतलं. आता आपली नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो. शेवटी साहेब म्हणाले, खरं असेल तर विणून दाखव. मी सगळ्यांसमोर अख्खी ओळ विणली. साहेब बराच वेळ सुयांकडे बघत राहिले. मग हसले आणि बिनतारीवाल्याला म्हणाले, "याच्या आत्याला पुन्हा फोन लावून दे." लावला, तर तू उचलेचना! 'साहेब, आत्या रुसली' हे टाचा जुळवून सांगताना काय वाटतं, ते शत्रूलाही कळू नये.

घरात सगळ्यांना यथायोग्य नमस्कार.

तुझा भाचा

ता. क. रविवारी फोन उचल. बाही झालीये, खांद्यावर अडलोय.

ता. क. पुन्हा एकदा: खरं म्हणजे खांद्याचं मी बघेन कसंही. साहेबांना मुलगी झालीय. त्यांनी तिला अजून पाहिलेलं नाही, आणि रजा मिळेपर्यंत निदान आपल्या हातचे पायमोजे तरी तिच्या पायात असावेत, असं त्यांच्या मनात आहे. कुणाला सांगू नकोस म्हणालेत. तेव्हा रविवारी बोलेन मी, पण विणत बसलेले साहेब असतील. टाका चुकला की तू 'गधड्या' म्हणून ओरडतेस ते ओरड, फक्त आधी चुकलं कोण ते विचार.